चवड्याखालचा आवाज

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

यात्रा कमिटीची माणसं सकाळी येऊन चहा पिऊन गेली. यंदा यात्रेत पहिला अर्धा तास जुन्या ऑर्केस्ट्राला द्यायचा असं ठरलंय म्हणे. जुना ऑर्केस्ट्रा म्हणजे आम्ही, 'शर्करा मेलडी'. साखर कारखान्याच्या कामगारांनी काढलेला आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तालीम करणारा. गाळप संपून धुराडं थंड झालं की आमचा हंगाम सुरू व्हायचा. आष्ट्यापासून इकडं कृष्णाकाठच्या यात्रा आम्ही गाजवल्यात. मी टर्बाइन हाउसला ऑपरेटर आणि स्टेजवर लीड गिटार. आता हिंडते-फिरते तिघंच उरलोय: मी, ड्रम वाजवणारा आकाराम आणि ऑर्गनवाला धन्यकुमार. आकाराम कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, धन्यकुमार लॅबमध्ये.

कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, गिटारीतनं माणूस बोलल्यागत वाजवायचा, ते अजून जमतं का? मी म्हटलं, जमतंय की. कमिटीपुढं कोण नाही म्हणेल?

पण त्याला वावा पेडल पाहिजे. आमचा पेडल आकारामनं स्वतः केला होता. भंगारातल्या जीपचा ॲक्सिलेटर, खाली सागवानी फळी आणि आत रेडिओचा व्हॉल्यूम. पायाची टाच दाबली की गिटारीचं तोंड मिटायचं, 'ऊ' असा आवाज यायचा. चवडा दाबत गेलं की तोंड उघडायचं आणि 'आ' असा खणखणीत सूर निघायचा. तो पेडल धन्यकुमारच्या सांगलीच्या घरी ठेवलेला, तो २०१९च्या पुरात गेला. नवा बघायला पाहिजे.

शालूला सांगितलं तर ती काहीतरी पुटपुटली. अलीकडं फार कमी बोलते. वय झालं की बायका गप्प होतात असं ऐकलंय. बाकीच्यांच्या होताना दिसत नाहीत, माझीच झाली.

१७ फेब्रुवारी

आमच्या लेकीनं, रेश्मानं, साताऱ्याहून मोबाइलवर मागवून दिलेला पेडल आला. दिसायला देखणा, लाल रंगाचा, पण कामाचा नाही. टाचेला आवाज छान गोल येतो, चवड्याकडं गेलं की मरतो. विझत्या चुलीगत. गिटारचा ट्रेबल पूर्ण फिरवला, ॲम्पचाही फिरवला, तरी तेच.

रेश्माला फोन लावला. तिचं निम्मं बोलणं कळलंच नाही. साताऱ्यात रेंजची बोंब दिसते. पेडल परत पाठवायचा म्हणून खोक्यात भरला. हल्लीच्या वस्तूंना पुढून रंग असतो आणि आत राम नसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज काही घडलं नाही, पण गिटार मांडीवर होती आणि जुनं आठवलं, म्हणून लिहितो.

आमच्या लग्नाआधीची गोष्ट. मी शालूला बघून आलो होतो, पोहे खाऊन झाले होते, आणि तिच्या वडिलांकडून निरोप यायचा होता. तो येईना. तेवढ्यात त्यांच्याच गावच्या यात्रेची आम्हाला सुपारी मिळाली. बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि त्यात ती होती, हिरव्या लुगड्यातल्या कुणा म्हातारीच्या मागं. मी सोलो घेतला आणि चवड्यावरून पाय टाचेवर आणत गिटारीला बोलायला लावलं. आ... ऊ. आ... ऊ. शा-लू. पुन्हा पुन्हा. आकाराम ड्रमवर हसून लोळत होता. पब्लिकला वाटलं नवीन फॅशन आलीय, शिट्ट्या पडल्या.

चार दिवसांत होकार आला. तिला तेव्हा काही कळलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. आधी लाज वाटली, मग संसार सुरू झाला, आणि आता विचारलं तर म्हणेल म्हाताऱ्याला चळ लागला.

मला यात्रेत तोच सूर काढायचाय. बाकी गाणी बरी-वाईट कशीही होऊ देत. तो 'आ' एकदा कानात भरून घ्यायचाय. दुसरं काही मागणं नाही.

२ मार्च, रविवार, सातारा

शालू आणि मी काल एसटीनं रेश्माकडं आलो. तिच्या ओळखीत पृथ्वीराज म्हणून एक गिटारवाला आहे. सीझनमध्ये महाबळेश्वरच्या हॉटेलात वाजवतो, एरवी साताऱ्यात क्लास घेतो. त्याच्याकडं एक जुना परदेशी पेडल विकायचा आहे. आज तो पेडल आणि ॲम्प घेऊन घरीच आला. पोरगा नम्र, केस मात्र खांद्यापर्यंत.

मी वाजवून बघितला. टाचेला मध, चवड्याला माती. त्याला म्हटलं, बाबा, तुला कुणीतरी फसवून विकलाय हा. तो म्हणाला, काका, ट्रेबल फुल आहे. मी म्हटलं, असू दे की. मी पुन्हा चवडा दाबला तर रेश्मानं कानात बोटं घातली आणि आत निघून गेली. ती लहानपणापासून नाजूकच आहे, लग्नातल्या फटाक्यांनाही रडायची. पृथ्वीराज माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं शालूकडं बघितलं आणि मान खाली घालून वायर गुंडाळायला लागला. चोरी पकडली गेली की माणूस असाच करतो.

जेवताना सगळे एकमेकांत कुजबुजत होते. जावई भला माणूस आहे पण तोंडात सुपारी धरल्यागत बोलतो. मी आपला हसून मान डोलवत होतो.

९ मार्च

तालीम सुरू झाली. जागा धन्यकुमारच्या शेतावरची शेड. त्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून तालीम दुपारची. त्याच्या जैनांतले नेमधर्म ऑर्केस्ट्राच्या भरातही कधी सुटले नाहीत. यात्रेत आम्ही रात्री मटणावर बसायचो तेव्हा हा ऑर्गनवर फडकं मारत बसायचा.

मजा आली. आकारामचा हात अजून लोखंडाचा आहे. फक्त धन्यकुमार सारखा हात वर करून आवाज कमी करा म्हणत होता. आम्ही त्याला हसलो. लॅबमध्ये जन्म गेला, काचेच्या नळीची किणकिण ऐकायची सवय. टर्बाइनच्या बाजूला एक पाळी काढली असती म्हणजे कळलं असतं. तिथं शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू यायचं नाही, आम्ही एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखायचो. कंपनीनं कानात घालायला बोळे दिलेले, ते आम्ही मिसरीच्या डबीत ठेवायचो. अजूनही मला ओठ बघितले की निम्मं बोलणं कळतं. ही विद्या किती जणांना येते?

पेडलचं रडगाणं मी आकारामला सांगितलं. तो म्हणाला, "बाजारात काय घावतंय रं गड्या? मी करतो नवा. आदी केला हुता तसाच."

मला एकदम हलकं वाटलं. हे आधीच का सुचलं नाही?

२३ मार्च, रविवार

आकारामनं खरंच केला. इस्लामपूरकडच्या भंगारवाल्याकडून जीपचा ॲक्सिलेटर मिळवला, फळीसुद्धा सागवानीच घेतली. हातात घेतल्यावर डोळ्यांत पाणी आलं. तेच वजन, तीच स्प्रिंगची कुरकुर पायाला लागली.

वाजवला. टाचेला उत्तम, चवड्याला मेला.

आकारामनं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, खरंय, काहीतरी चुकलंय. त्यानं आतला एक भाग बदलला. मग दुसरा बदलला. मी वाजवत होतो, तो सोल्डर करत होता, आणि दर वेळी दोघंही माना हलवत होतो. नाही, अजून नाही. मी आवाज वाढवला. तो म्हणाला अजून वाढव. तासभर हेच चाललं.

धन्यकुमार मधेच शेडच्या बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्यासोबत शालू होती, आमचं जेवण घेऊन आलेली. तो आमच्यापुढं उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला, लहान मुलाला सांगावं तसा. "बाळासो, तू चवडा दाबलास की वस्तीवरची सगळी कुत्री वरडाय लागत्यात. मगापास्नं. तुमा दोघास्नी ती ऐकू येईनात काय?"

मी बाहेर बघितलं. बांधावर तीन कुत्री माना वर करून उभी होती. तोंडं उघडी होती. मी चवडा दाबलेला नव्हता, तरी त्यांचं चालूच होतं, आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

आकाराम चिडला. कुत्र्यांना काय कळतंय म्हणाला. मी शालूकडं बघितलं. ती डबा ठेवून जवळ आली आणि माझ्या समोर तोंड करून म्हणाली, "आवं, पेडल न्हाई. तुमचा कान गेलाय."

मी म्हटलं, कधीपासून? आणि तू बोलली का नाहीस?

"लय वर्सं झाली. मी सांगितलं हुतं की. तुमास्नी ऐकू गेलं नसंल."

घरी येईपर्यंत मी तिच्यापुढं चार पावलं चालत राहिलो. राग नक्की कुणाचा आलाय ते कळत नाही. तिचा, आकारामचा की त्या कुत्र्यांचा.

२४ मार्च

काही ऐकू येत नाही असं नाही. पंखा ऐकू येतो. ट्रॅक्टर ऐकू येतो. टीव्ही ऐकू येतो, हां, थोडा मोठा करावा लागतो. माणसाला सर्दीनंसुद्धा असं होतं.

२७ मार्च, सांगली

सर्दी नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातला आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी टकाटक बटण दाबत होतो, नापास व्हायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. मग आवाज थांबले. मी वाट बघत बसलो. वाटलं मशीन बंद पडलं असावं, म्हणून बाईंना खूण केली. त्यांनी काचेतून हात हलवला, चालू आहे.

नंतर कागद दाखवला. त्यावरची रेघ सुरुवातीला बरी सरळ आणि मग एकदम खाली, खंबाटकी घाट उतरावा तशी. बाई म्हणाल्या, जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज गेलेत. कारखान्यातल्या माणसांचं असंच होतं. आधी बारीक सूर जातात. बोलण्यातले स, श, फ असे आवाज जातात, लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज अस्पष्ट होतात. माणसाला वाटतं, समोरचाच पुटपुटतोय.

मी शालूकडं बघितलं. ती भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होती.

म्हणजे ती गप्प झालीच नव्हती. ती बोलत होती आणि मी जेवत होतो. किती वर्षं बोलली असेल आणि काय काय बोलली असेल? मी प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणून मोकळा झालो. तिच्या नावातला पहिला आवाजच माझा गेलेला आहे. आज फार वाईट वाटलं, आणि वाटलं ते वाटलं.

कानात घालायचं मशीन मिळेल. कानाचा साचा घेतला, तो मुंबईला जाऊन यायचाय, त्याला यात्रा उलटून जाईल. मशीननं बोलणं बरंच कळेल म्हणाल्या. संगीताबद्दल विचारलं तर म्हणाल्या, पूर्वीसारखं ऐकू येईल अशी आशा धरू नका.

३० मार्च, गुढीपाडवा

कमिटीला नाही म्हणून सांगणार आहे. सणाचा दिवस म्हणून आज गेलो नाही.

आकारामला कान तपासून घे म्हटलं तर म्हणतो माझे कान ठणठणीत आहेत. त्याच्या बायकोनं मागून त्याला दोनदा हाक मारली, तेव्हा मी त्याला सांगितलं, अरे वहिनी हाक मारतायत. मला ऐकू आली नव्हती, ओठ दिसले होते.

स्वतः केलेलं जेवण स्वतःला चव लागत नसताना लोकांना वाढायचं कसं? मी तो 'आ' काढीन, लोक टाळ्या वाजवतील, आणि मला काय, कुणीतरी भिंतीपलीकडं वाजवतंय असं वाटणार. त्यापेक्षा आठवणीत आहे तो बरा. आठवणीतला अजून स्वच्छ ऐकू येतो.

शालूनं पुरणपोळी वाढताना विचारलं, "यात्रंचं काय केलंसा?" ती आता समोर येऊन, तोंड वर करून बोलते. मी सांगितलं, नाही म्हणणार. ती काही बोलली नाही. खरंच बोलली नाही, मी ओठ बघत होतो.

६ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

सकाळी शालू साडी बदलून तयार. म्हणाली सांगलीला जाऊ. मला वाटलं मशीनचं काही असेल. तिनं रिक्षावाल्याला सरळ सम्मेदच्या दुकानाचा पत्ता सांगितला. सम्मेद म्हणजे धन्यकुमारचा पुतण्या, त्याचं वाद्यांचं दुकान आहे. धन्यकुमारकडून तिनं आधीच सगळं ठरवून घेतलेलं. दुकानात गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वावा पेडल दाखवा. सगळं. ह्ये वाजवत्याल, मी ऐकते."

मी म्हटलं, अगं तुला यातलं काय कळतं? ती म्हणाली, कान हायत मला.

सम्मेदनं चार पेडल मांडले. मी पहिला वाजवला. ती पदर तोंडाला लावून, डोळे मिटून ऐकत होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तिला असं बसून माझं वाजवणं ऐकताना मी कधी बघितलं नव्हतं. तालमीला ती यायची नाही, आणि स्टेजवरून कोण कसं ऐकतंय ते दिसत नाही.

पहिल्याला म्हणाली, नाकातनं बोलतोय. दुसरा चांगला महागातला, सम्मेदच्या आवडीचा, त्यावर तिनं हात झटकला, भांडकुदळ हाय म्हणाली. सम्मेद हसला, पण मला वाटतं त्याला पटलं. तिसऱ्याला तिनं डोळे उघडले नाहीत. पुन्हा वाजवा म्हणाली. मी वाजवला. चवड्याला मला नेहमीसारखं काहीच आलं नाही, पायाला नुसता टेका लागला. चौथा ऐकून ती पुन्हा तिसऱ्याकडं वळली.

"ह्यो घ्या," ती म्हणाली. "ह्यात नाव नीट येतंय."

मी विचारलं, कुणाचं नाव?

तिनं सम्मेदकडं बघितलं, मग दाराकडं. "आमच्या आईनं विचारलं हुतं तवा, ह्यो गिटारवाला गळा काढून कुणाला बलिवतोय? मी म्हटलं मला काय म्हाईत. घरी जाऊन बापूला सांगितलं, त्येंना व्हय म्हना."

सम्मेदला काही कळलं नाही, तो पावती करत होता. मी पेडलच्या वायरी गुंडाळत बसलो. चार वेळा गुंडाळल्या.

कमिटीकडं गेलोच नव्हतो, ते बरं झालं.

१३ एप्रिल

तालीम. शालू समोर खुर्ची टाकून बसते. आवाज जास्त झाला की तळहात खाली करते, नीट असेल तर पदराशी चाळा करत बसते. धन्यकुमार म्हणतो, एवढी शिस्त ऑर्केस्ट्राला पूर्वी असती तर आपण मुंबई गाठली असती. आकारामलासुद्धा ती दाबते, आणि तो ऐकतो. कुत्री अजून येतात पण आता नुसती बसून राहतात.

मी पायावर भरवसा ठेवायला शिकतोय. चवडा किती गेला की तोंड पूर्ण उघडतं ते पायाला माहीत आहे, कानाला विचारायची गरज नाही. तरी धाकधूक आहे. चुकलं तर मला कळणारही नाही, सगळ्या गावाला कळेल.

२० एप्रिल, रविवार

काल यात्रा झाली.

पालखी देवळात गेल्यावर सांजेला आम्हाला स्टेजवर बोलावलं. धन्यकुमार लवकर जेवून आलेला. लोक होते, पण निम्मे पाळण्याकडं आणि निम्मे मोबाइलवर. तरण्या पोरांना वाटलं, मेन प्रोग्रॅमच्या आधीचं भाषण असेल. तीन गाणी झाली. मग सोलो.

मी पायाकडं बघितलंच नाही. चवडा दाबला, टाचेवर आणला. पुन्हा दाबला. मला टाचेचा 'ऊ' येत होता, त्याच्या आधी एक रिकामी जागा येत होती. त्या रिकाम्या जागेत गाव काय ऐकत होतं ते मला माहीत नाही. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढून हलवली. मग मागून माणसं पुढं सरकायला लागली. मी तालमीपेक्षा जास्त वेळ वाजवला. आकारामनं दोनदा शेवटचा ठोका दिला तरी मी थांबलो नाही.

खाली उतरल्यावर लोकांनी हात धरले, बरंच काही बोलले. गर्दीत मला एक अक्षर कळलं नाही. मी सगळ्यांना 'देवाची कृपा' म्हटलं.

घरी आलो. शालूनं पाण्याचा तांब्या दिला. मी गिटार कोपऱ्यात ठेवली आणि तिला विचारलं, कसं झालं?

तिनं काहीतरी सांगितलं. दिवा तिच्या मागं होता, ओठ दिसले नाहीत. मी म्हटलं, काय? ती पुन्हा बोलली. मला 'वाजवलंसा' एवढंच कळलं. बरं वाजवलं का वाईट वाजवलं? मी कानामागं हात धरला.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं कौतुक करत नाहीत. तोंडावर तर नाहीच. शालूनंही कधी केलं नाही, फार तर भाकरी एक जास्त वाढायची. ती माझ्या कानाशी आली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली.

"म्हटलं लय झ्याक वाजवलंसा! त्या टायमाला वाजवलं हुतंसा त्येच्यापरीस झ्याक! माज्या डोळ्यांस्नी पानी आलं!"

शेजारच्या घरात भांडं पडलं. समोरच्या ओट्यावर बसलेली माणसं बोलायची थांबली आणि सगळ्या माना आमच्या दाराकडं वळल्या. शालूनं पदर तोंडात धरला आणि ती लाजून लाल झाली, लग्नातल्यासारखी.

मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. मी कानामागचा हात काढला नाही, आणि पुन्हा म्हणालो, काय?